कुंपणापलीकडची घुं

"काय व बाई, राती झोप लागली का?"

सकाळी सडा टाकत होते, तर कुंपणापलीकडून काकूंचा आवाज. आमचं कुंपण म्हणजे नावापुरती तार. खरं कुंपण दोडक्याच्या वेलाचं. त्यातून सांबाराची जुडी जाते, लाखोळीची डाळ येते, पेपर जातो आणि शब्दकोडं अर्धं सोडवून परत येतो. भंडाऱ्यात खात रोडकडच्या आमच्या गल्लीतली कुठलीही बातमी आधी या वेलात अडकते, मग पुढे सरकते.

"लागली ना. काहून?"

"घुंऽऽ असा आवाज नाही आला?"

"आला ना. मले वाटलं, कोपऱ्यावरची डीपी गरम झाली."

"डीपी नाही व. आमच्या घरचीच डीपी आहे ते!"

आणि बादली खाली ठेवून काकूंनी सगळं सांगितलं. दोन दिवसांनी काकाजींनी त्यांची बाजू सांगितली. मी दोन्ही ऐकल्या आहेत, आणि कुठं काकूंचं खरं, कुठं काकाजींचं, हे मी आता तुम्हाला सांगते. पण माझं नाव कुंपणापलीकडे जाऊ देऊ नका.

काकाजी म्हणजे आमचे लॅबवाले काकाजी. एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सगळी नोकरी केली. स्वनमापीच्या तारेवर कागदाचा कपटा कुठं उडतो, मेल्डच्या प्रयोगात दोरीचे पेर किती पडतात, हे पोट्ट्यांना दाखवता दाखवता केस पांढरे झाले. कॉलेजात वस्तू मरत नाही, तिचं निर्लेखन होतं. कमिटी बसते, डेड स्टॉक रजिस्टरवर लाल रेघ पडते, आणि तेव्हा वस्तू लिलावात किलोच्या भावानं जायची. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका लिलावात काकाजींनी दोन पॉवर सप्लाय आणि एक मोडका मोडेम घरी आणला. (आता असं आणता येत नाही हो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, तेव्हापासून असलं सामान नोंदणी असलेल्यांकडेच द्यावं लागतं.) ते डबे पलंगाखाली पडून राहिले. या दिवाळीला काकू झाडू घेऊन पलंगाखाली शिरल्या आणि म्हणाल्या, एक तर हे भंगारात जातील, नाही त कामाला लागतील.

काकाजींनी दुसरा पर्याय धरला. काकूंना वाटलं होतं पहिला धरतील.

डबा मी पाहिला आहे. राखाडी पत्रा, समोर दोन मीटर, ‘कोर्स’ आणि ‘फाइन’ अशी बटणं, लाल-काळी टर्मिनलं, एक लाल दिवा, आणि बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटनं डेड स्टॉकचा नंबर. वजनाला लहानसं जातं. दोन्ही बाजूंना ० ते ३० व्होल्ट, २ अँपिअर. ही पोट्ट्यांच्या चुकांसाठीच बनवलेली वस्तू, असं काकाजी म्हणतात. लाल आणि काळी वायर एकमेकींना लावून टाकली तरी डबा जळत नाही. २ अँपिअरवर हात आखडता घेतो, लाल दिवा लावतो आणि चूक सुधारेपर्यंत वाट पाहतो. "असा सासरा मिळाला असता त," काकू म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांनी वेलातच सोडलं.

"पण याचा गाण्याशी काय संबंध जी काकाजी?" मी विचारलं.

"बाई, ॲम्प्लिफायरमधे महाग काय असते? आयसी नाही. आयसी त चहा-नाश्त्याच्या पैशात येते. ते चव्वेचाळीस-चाळीस आयसीचा बोर्ड पाहिला ना तुम्ही, गणपतीत पोट्टे लावतात? महाग असते ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर, हीटसिंक आन डबा. ते चारही माझ्या पलंगाखाली होते."

हे मला पटलं. स्वयंपाकातही मसाला स्वस्तच असतो, गंज महाग.

पण काकाजी एवढ्यावर थांबले असते तर ते काकाजी कसले. त्यांचं म्हणणं असं की पॉवर सप्लाय आणि ॲम्प्लिफायर हे सख्खे भाऊ आहेत. मला विजेतलं काही कळत नाही, म्हणून त्यांनी बांधीचं उदाहरण दिलं. धानाच्या बांधीत एक काठी रोवली आहे आणि पारीवर एक गडी बसवला आहे. पाणी काठीवरच्या खुणेच्या खाली गेलं की गडी पार मोकळी करतो, खुणेला लागलं की बंद करतो. शेत कितीही पाणी पिवो, पातळी खुणेवर. हा झाला लॅबचा सप्लाय. आता समजा, ती खूणच कोणी गाण्याच्या चालीवर वरखाली करत राहिलं? पाण्याची पातळीही गाण्यासारखी हलेल. हा झाला ॲम्प्लिफायर.

"मंग झालं ना!" मी म्हटलं.

"मलेही तसंच वाटलं होतं."

म्हणजे काकाजींनी खरंच तसं केलं. मोबाइलचं गाणं डब्याच्या खुणेच्या जागी जोडलं आणि टर्मिनलला स्पीकर लावला. काकूंच्या मते तो आवाज म्हणजे बाई गुडघाभर चिखलात उभी राहून लावणी म्हणते आहे. कारण काय, तर बांधीतला गडी पाणी आत सोडू शकतो, बाहेर काढू शकत नाही. खूण खाली गेली की तो नुसता बसून राहतो, पाणी आपलं आपण मुरेल तेव्हा मुरेल. त्यातून डब्याच्या तोंडाशीच एक कपॅसिटर बसवलेला, पातळी हलूच नये म्हणून. गाण्याला तर हललेलंच हवं. तेव्हा पाणी काढणारा दुसरा गडी पाहिजे, आणि दोघांनी पाळीपाळीनं काम केलं पाहिजे. त्यालाच हे लोक पुश-पुल म्हणतात. लॅबला जे स्थिर लागतं तेच गाण्याला हलतं लागतं, एवढा त्या सख्ख्या भावांमधला फरक. मला विचाराल तर भावांमध्ये याहून कमी फरकावर वाटण्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

तर दुसरा गडी. इथून ‘तीस-पंचावन्न’चं पुराण सुरू होतं. काकूंना हा आकडा आता पाठ आहे; त्यांना वाटतं ही कोणी बाई आहे.

२एन३०५५ हा ट्रान्झिस्टर. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीचा, १९६० च्या दशकातला. धातूची दोन भोकांची चपटी टोपी असावी तसा दिसतो. १५ अँपिअर, ६० व्होल्ट, ११५ वॅट. लॅबचे सप्लाय, बस-ट्रकमधले टेप, मंडपवाल्यांचे ॲम्प्लिफायर, सगळीकडे हाच. काकाजींनी नागपूरहून चार नवे मागवले. वजनाला हलके लागले म्हणून एकाची टोपी कापून पाहिली, तर आत मोहरीएवढी चकती. खऱ्यात चांगली मोठी असते. डुप्लिकेट! मग दोन डब्यांतला जो डबा मेलेला होता त्याच्या पाठीवरचे चार अस्सल काढले. पण ते चारही एकाच जातीचे, एनपीएन. पाणी काढणारा गडी म्हणून त्यांच्या जोडीला पीएनपी लागतो. यावर जुन्या लोकांनी तोड काढून ठेवली आहे. मोठे दोन्ही एकाच जातीचे ठेवायचे आणि एकाच्या आधी उलट जातीचा छोटा लावून त्याच्याकडून उलटं काम करवून घ्यायचं. पीएनपी मोठे मिळत नसत, महाग असत, त्या काळातली ही युक्ती. काकाजींनी तीच वापरली.

आता त्या ११५ वॅटची गंमत ऐका. हा आकडा ट्रान्झिस्टरचं अंग २५ अंशांवर असेल तेव्हाचा. भंडाऱ्यात मे महिन्यात माठातलं पाणी तरी २५ अंशांवर असतं का? अंग १०० अंशांवर गेलं की तोच ट्रान्झिस्टर ६५ वॅटच्या वर सोसत नाही. म्हणून पाठीला ॲल्युमिनियमचे पंखे. काकू म्हणाल्या, आपलं गाव पितळेचं, घरात पाण्याचे तीन गुंड पडले आहेत, त्यातला एक कापा ना. काकाजींनी गंभीरपणे उत्तर दिलं: पितळ ॲल्युमिनियमच्या निम्मीच उष्णता वाहून नेतं, आणि वजनाला तिप्पट. काकूंनी गुंड आत नेऊन ठेवले. त्यांना कापायचे नव्हतेच, विचारून पाहिलं.

एक अपघात झाला, तोही सांगते. या टोपीचं अंगच विजेचं टोक असतं, म्हणून ते आणि पंखा यांच्यामध्ये अभ्रकाची पातळ चकती ठेवावी लागते. एका टोपीखाली ती राहून गेली. फ्यूज गेला, आणि जाताना स्पीकरची कॉइलही घेऊन गेला. कागदी कोन एकदा ‘ठप्’ करून बाहेर आला, आणि मग नुसता वास. तेव्हापासून काकाजी स्पीकर लावण्याआधी मल्टिमीटर लावतात. टर्मिनलवर ५० मिलिव्होल्टच्या आत आलं तरच पुढे. आणि पहिल्यांदा चालू करताना लाइनमध्ये सिरीजचा बल्ब. १०० वॅटचा पिवळा बल्ब मधे लावायचा. आत कुठं शॉर्ट असेल तर बल्ब भकाकून पेटतो आणि डबा वाचतो, सगळं ठीक असेल तर नुसता लाजून मंद होतो. एलईडीनं हे काम होत नाही, तार तापली की तिचा रोध वाढतो यावरच सगळा खेळ. असले बल्ब दुकानात सहसा दिसत नाहीत. काकाजींनी दोन जपून ठेवले आहेत, धान्याच्या कोठीत.

बल्बावरून आठवलं. मी काकाजींना म्हटलं, लॅबच्या वस्तूचे असे गाण्यात धिंडवडे काढणं बरोबर आहे का? तर ते कुंपणाला टेकले आणि म्हणाले, "बाई, लॅबच्या सामानाचा जन्मच गाण्यातून झाला." १९३९ साली कॅलिफोर्नियात ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोन मित्रांनी गॅरेजमध्ये कंपनी सुरू केली. त्यांची पहिली वस्तू कोणती, तर सूर काढणारा ऑसिलेटर. सूर लहानमोठा होऊ नये म्हणून ह्यूलेटनं त्यात एक साधा छोटा बल्ब बसवला होता. सूर वाढला की बल्ब तापतो, रोध वाढतो, सूर आपोआप आवरतो. वॉल्ट डिस्नेच्या कंपनीनं असे आठ ऑसिलेटर घेतले, ‘फँटासिया’ सिनेमाच्या आवाजाच्या कामासाठी. सिनेमा १९४० मध्ये आला.

काकू इतका वेळ वेलाची वाळलेली पानं तोडत होत्या. त्यांनी एकच विचारलं, "गॅरेजमधे कंपनी त गाडी कुठं ठेवत होते?"

त्यांचा प्रश्न समजून घ्यायला त्यांची ओसरी, म्हणजे काकाजींचं गॅरेज, पाहायला हवी.

काकाजींनी मग रामनना आणलं. चंद्रशेखर वेंकट रामन १९१० मध्ये नागपूरला होते, सरकारी हिशेबखात्यात. नोकरी आकड्यांची आणि जीव थरथरणाऱ्या तारेत. त्याच सुमाराला तारेच्या कंपनांवरचे त्यांचे लेख ‘नेचर’मध्ये छापून येत होते. नोबेल नंतर, १९३० मध्ये. "त्यांनी नोकरीत असून लॅब केली, मी रिटायर होऊन लॅबचं गाणं केलं," काकाजी म्हणाले. काकू म्हणाल्या, "रामनच्या बायकोले विचारा." या एका मुद्द्यावर मी काकूंच्या बाजूची आहे.

आता खरी गंमत, लाल दिव्याची.

ॲम्प्लिफायर तयार झाला. डब्याची एक बाजू अधिक २५, दुसरी उणे २५ व्होल्ट. काकाजींनी झाडीपट्टीच्या नाटकातल्या गाण्यांची टेप लावली. तरुणपणी ते दिवाळीनंतर वडशाकडच्या मंडळींबरोबर माइक सांभाळायला जात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपायचं, आणि पडद्याच्या बाजूला बसलेला ढोलकीवाला शेवटपर्यंत ताजा. तर गाणं सुरू झालं, आणि ढोलकीच्या प्रत्येक थापेला लाल दिवा. धिन् की दिवा, धिन् की दिवा. डबा बिचारा समजत होता की कोणीतरी पोट्टा पुन्हा पुन्हा वायर चुकीची लावतो आहे! काकूंच्या नातवाला हे फारच आवडलं. काकाजींना नाही.

हिशेब त्यांनी मला पेपरच्या कडेला करून दाखवला. २ अँपिअरची मर्यादा आणि ८ ओहमचा स्पीकर म्हणजे १६ वॅट. डब्यानं हात आखडला नाही तर २५ व्होल्टांत ३० वॅटच्या आसपास निघायला हवेत. शेजारच्या टेपदुरुस्तीच्या पोरानं सल्ला दिला: रेग्युलेटर काढून टाका, ट्रान्सफॉर्मरमागचा कच्चा करंट सरळ घ्या. ऐकायला सोपं. पण ३० व्होल्ट देणाऱ्या डब्याच्या आत कच्चे ४० तरी असतात. दोन्ही बाजूंचे मिळून ८०. आणि आपला तीस-पंचावन्न ६० चाच धनी. पोराचं ऐकलं असतं तर चारही अस्सल टोप्या एका सायंकाळी गेल्या असत्या. ज्या मर्यादेची काकाजींना चीड आली होती, तीच टोप्यांना जगवत होती.

शेवटी त्यांनी रेग्युलेटर तसेच ठेवले आणि पुढे दोन्हीकडे १०,००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले. माठासारखे. सरासरी करंट फार लागत नाही, एका बाजूनं अँपिअरभरही नाही. थाप पडते तेवढ्या क्षणाला माठातून घ्यायचं. आता दिवा चालू करताना एकदा लुकलुकतो आणि फारच मोठ्या थापेला कधीतरी. आणि खरं सांगू का, १६ वॅट आणि ३० वॅट यात कानाला पडणारा फरक ३ डेसिबलही नाही. एवढ्या खटाटोपानं गाणं ‘थोडंसं’ मोठं झालं. हे काकाजींनीच सांगितलं, दबक्या आवाजात, काकू आत गेल्यावर.

राहिली घुं. तिच्यासाठीच तर एवढं रामायण.

मोबाइल लावला की डबा एकदम शांत. टीव्ही जोडला की घुंऽऽ. रात्रभर जी आली ती हीच. काकाजी सिरीयल संपल्यावर टीव्ही बंद करून वायर तशीच ठेवून झोपले होते. टीव्हीला केबलवाल्याची तार, तिचं अर्थिंग गल्लीत कुठंतरी. डब्याचं अर्थिंग घराच्या खांबापाशी. दोन अर्थिंगमध्ये थोडा फरक, म्हणून त्यांच्यामधून ५० हर्ट्झची वीज फेरी मारत राहते आणि स्पीकर ती आपल्याला ऐकवतो. टेपदुरुस्तीचा पोरगा पुन्हा हजर: "काकाजी, डब्याच्या प्लगची मोठी पिन काढून टाका, घुं बंद." घुं खरंच बंद होते. काकाजी आयुष्यात कोणावर ओरडले नसतील तेवढे त्या पोरावर ओरडले. मी घरात होते, तरी ऐकलं. पत्र्याचा डबा, आत २३० व्होल्ट, आणि ओसरीत ओल्या पायांनी फिरणारा नातू; ती पिन गेली तर वीज जायला दुसरी वाट तो नातूच.

मग तो मोडका मोडेम कामी आला. टेलिफोनच्या लाइनवर लावायचे त्या जुन्या मोडेममध्ये ६०० ओहमचा एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, दोन्हीकडे सारखे वेढे. गाणं चुंबकातून पलीकडे जातं, तारेला तार लागतच नाही. फेरी मारणारी वीज अलीकडेच अडकते. काकाजींनी तो टीव्हीच्या वायरीत बसवला. घुं गेली. ढोलकीचा खर्ज मात्र जरा बारीक झाला, कारण ते इवलंसं लोखंड बोलण्यासाठी होतं, ढोलकीसाठी नाही. काकू म्हणतात फरक कळत नाही. मला कळतो. काकाजी म्हणतात, टीव्हीवर ऐकण्यासारखं असतंच काय. गाणी ते मोबाइलवरूनच लावतात, तिथं मोडेम मधे नाही.

तुम्ही विचाराल, एवढं करण्यात अर्थ आहे का. माझं मत सांगते. नुसतं गाणं ऐकायचं असेल तर नाही. बाजारात तयार मिळतं, हलकं असतं, बायको रागावत नाही. डबा आधीच पलंगाखाली असेल आणि माणूस काकाजींसारखा असेल, तरच. आवाज मात्र चांगला आहे. दोन गाण्यांच्या मधे जी शांतता पडते ना, ती फार चांगली आहे. तेवढ्यात वैनगंगेच्या पुलावरचे ट्रकसुद्धा ऐकू येतात.

काकूंनी त्या डब्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता. काकाजींनी पंखे तापतात म्हणून तो काढला. काकूंनी पुन्हा घातला, मधे गोल भोक विणून, लाल दिव्याएवढं.

तुमच्याकडे असा कुठला डबा असेल, आणि घुं येत असेल, तर कोणी काहीही सांगो, तीन पिनांच्या प्लगची ती मोठी पिन काढू नका. काकाजींना विचारा. पाचनंतर ते कुंपणापाशीच असतात.